ईशान्येचा उतार

१८ ऑगस्ट

सुलोचनाबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. काल समाजाच्या सभागृहात बारसं होतं. जेवण झाल्यावर हात धुवायला मागच्या अंगणात गेल्या आणि शेवाळावरून पाय सरकला. वर्ध्याला हलवलंय.

त्यांचा मुलगा धनंजय सकाळीच अध्यक्षांच्या, भैयाजींच्या, दारात. "जबाबदार कोन ते सांगा, नाई तर मी पोलिसात जातो."

भैयाजींनी तिथल्या तिथे सांगून टाकलं — झाडणारी तानाबाई. मग मला बोलावणं. "मयुरी, तू कॉलेजात सिव्हिल शिकवतं ना? एक अहवाल दे लिहून. सफाई नव्हती म्हनून पडली, बस. बाईले काढून टाकतो, मॅटर खतम."

मी म्हटलं, आधी बघते.

ते अंगण बाबांनी बांधलेलं आहे. भैयाजींना माहीत आहे, मलाही. उच्चार कोणीच केला नाही.

१९ ऑगस्ट

पाहणी केली. अंगणाची दक्षिण बाजू कोरडी, फरशी पांढुरकी. ईशान्य कोपरा मात्र हिरवागार, बुळबुळीत. दोन बाजूंना उंच भिंत, वर कडुनिंब. ऊन पोचत नाही, वारा फिरत नाही, आणि गेला आठवडाभर पावसाने उघडीप दिलेली नाही.

तानाबाई झाडू घेऊन मागे उभी. "शेवाळ म्या पेरलं काय वो बाई? आज घासलं का चार दिसानं परत हाजीर. जावयासारखं."

बरोबर आहे तिचं. ओल आहे तोवर ते येणारच. तारेच्या ब्रशने घासलं तर दगड खरवडला जातो आणि खरबरीत दगडात पाणी जास्त मुरतं.

भिंतीलगत वाकून पाहिलं. हिरव्याच्या कडेला राखाडी, गोल डाग. दगडफूल — मसाल्यात टाकतो त्याचंच भावंड. रुपयाच्या नाण्याएवढे डाग. नखाने निघेनात.

२० ऑगस्ट

शेवाळ काही दिवसांत येतं. दगडफूल वर्षाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर सरकतं. नेमकं वय कोणी सांगू शकणार नाही, पण नाण्याएवढं व्हायला काही वर्षं लागतात हे नक्की. तानाबाई कामाला लागली गेल्या दिवाळीनंतर.

म्हणजे ओल तिच्या आधीची. बहुधा फरशी बसवली तेव्हापासूनची.

संध्याकाळी जाऊन बादलीभर पाणी ओतलं. सगळं त्या कोपऱ्यात गेलं आणि तिथेच थांबलं. भिंतीत पाणी बाहेर जायला मोरीच नाही.

२१ ऑगस्ट

जेवताना बाबांना विचारलं, उतार कोपऱ्याकडे का दिला?

"भैयाजीनं वास्तुवाला आनला होता. पानी ईशान्येलेच गेलं पायजे म्हने."

"मग मोरी?"

"तो कोपरा देवाचा. तिथं भोक पाडाचं नाई म्हने."

"आणि तुम्ही ऐकलंत."

"समाजाचं काम होतं." एवढं बोलून भात कालवत राहिले.

आई स्वयंपाकघरातून — "अहवालात बापाचं नाव टाकतं काय वं? आपल्याले याच गावात राह्यचं हाय."

ताट उचललं.

२३ ऑगस्ट

आजही अहवाल लिहिला नाही.

२४ ऑगस्ट

भैयाजींचा फोन. "तुह्याच बापाच्या भल्याचं सांगून राह्यलो, पोरी. बाकी तू शहानी हाय." धनंजय उद्या-परवा तक्रार देणार — तानाबाईविरुद्ध.

भैयाजींनी तानाबाईकडून झाडू आणि किल्ली काढून घेतली. ती सभागृहाच्या फाटकाबाहेर बसली होती. रडत नव्हती, मलाच बसायला जागा करून दिली. "दुसरं काम पाह्यलं दोन घरी. बारशाची गोष्ट माह्याआधी तिथं पोचेल होती."

घरी येऊन एक वाक्य लिहिलं — 'नियमित सफाईचा अभाव आढळला.' वाचून पाहिलं. वाक्य पूर्ण खोटंही नाही. म्हणूनच ते लिहायची भीती वाटली. खोडलं.

२५ ऑगस्ट

अहवाल लिहून झाला. कारणं: उतार चुकीच्या दिशेला, पाण्याला वाट नाही, कायमची सावली. दगडफुलाचे फोटो मोजपट्टीसकट. उतार कोणाच्या सांगण्यावरून, ते लिहिलं. बांधकाम कोणाचं, तेही — बाबांचं नाव, श्री. रूपराव, आडनावासकट.

एक रकाना रिकामा आहे: उताराचं माप. त्याशिवाय भैयाजी 'पोरीचा अंदाज' म्हणून कागद फाडतील. माप घ्यायला दोन माणसं लागतात. लॅबमधल्या पियुषला विचारलं. "मॅडम, माह्या बहिनीचं लग्न त्याच हॉलात हाय." दुसऱ्या कोणाला विचारलं नाही.

आईला सांगितलं, उद्या सकाळी मोजायला जाते. बाबा पलीकडच्या खोलीत होते. रेडिओ बंद झाला, एवढंच.

२६ ऑगस्ट

कोपरा पंचेचाळीस मिलिमीटर खाली. पातळी मोजायच्या पाण्याच्या नळीचं दुसरं टोक बाबांनी धरलं होतं. भैयाजी फाटकात येऊन उभे राहिले, तेव्हा बाबांनी आकडा पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितला.