सातव्या आवृत्तीतली उदाहरणं

१२ मे
आज पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीसाठी चौथ्या प्रकरणातल्या उदाहरणांचा क्रम फिरवला. तिसरं उदाहरण अकरावं, अकरावं आठवं. विजेचे नियम होते तिथेच! संपादक म्हणाले, "जुनी प्रत चालली तर नवी घेणार कोण? इंजिनिअर आहात, हळव्या होऊ नका."
हळवी झाले नाही.

२ जुलै
धाकट्या बहिणीचं कॉलेज सुरू. आईने माझं कॉलेजातलं विजेचं जुनं पुस्तक कव्हर घालून तिच्यापुढे ठेवलं — "नव्याला काय सोन्याचा मुलामा असतो? वीज बदलली का गं मधल्या काळात?"
"नाही," मी म्हटलं.
खोटं नव्हतं. त्याच पुस्तकाची सातवी आवृत्ती याच आठवड्यात दुकानांत आली. किंमत माझ्या अर्ध्या पगाराएवढी. पगार झाला की गुपचूप आणायची, असं ठरवलं. मी काय काम करते, ते घरी कुणाला नीटसं माहीत नाही. तेच बरं.

५ ऑगस्ट
पगार झाला. बाबांची दाढ काढावी लागली, पैसे तिथे गेले. पुस्तक राहिलं.

२१ ऑगस्ट
धाकटी जेवली नाही. गृहपाठात सगळीकडे शून्य, वर कॉपीचा ठपका. सर भर वर्गात म्हणाले, "विचारलंय एक, उत्तर भलत्याचंच! गेल्या वर्षीच्या कुणाची वही उतरवलीस?" फी-सवलत थांबली. बाबा तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत.
ती एकच घोकत होती — "ताई, मी स्वतः सोडवलीत गं."
मला माहीत होतं. सरांनी सांगितलेले क्रमांक नव्या पुस्तकातले, तिने सोडवली माझ्या जुन्यातली. तरी "झोप आता" एवढंच म्हणाले.

२३ ऑगस्ट
रजा टाकली. सरांसमोर त्यांचं नवं आणि आमचं जुनं, दोन्ही पुस्तकं उघडली. कुठलं उदाहरण कुठे गेलं, न बघता सांगत गेले. त्यांनी तिची उत्तरं तपासली. सगळी बरोबर!
"आमचं चुकलं. पण तुम्हाला हे तोंडपाठ कसं?"
"मीच फिरवलंय."
धाकटी शेजारीच उभी होती. जिन्यात म्हणाली, "म्हणजे आईने विचारलं तेव्हाही तुला माहीत होतं?"
मी होकारार्थी मान हलवली. ती पुढे निघून गेली.

२५ ऑगस्ट
सवलत परत मिळाली. बाबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्याही!

२७ ऑगस्ट
धाकटीच्या बाकावरच्या मुलीवरही तोच ठपका होता. पुस्तक जुनंच. मी रजा टाकली, त्याच्या आदल्या दिवशीच ती कॉलेज सोडून गावी गेली.
"तिला ताई नव्हती," धाकटी म्हणाली.