चेंबर चार, सकाळी अकरा दहा

३ जून
आज रुजू झाले! भुसावळहून सकाळची गाडी पकडली, बुऱ्हाणपूर स्टेशनवरून रिक्षा केली आणि दहाच्या आत केळीच्या गोदामात हजर. लोधीपुऱ्यात खोलीही मिळाली, खिडकीतून वाऱ्याची झुळूक येते. विनायकसेठनी दोन जुनी गोदामं एक केली आहेत; दोन्हीकडची यंत्रं एकाच सर्व्हरला जोडायचं काम माझं. केळी पिकवायच्या एका ओळीत चार हवाबंद खोल्या आहेत, त्यांना इथं चेंबर म्हणतात. प्रत्येकात आतून एक लाल बटण. कुणी चुकून आत अडकलं तर ते दाबायचं, म्हणजे ऑफिसात घंटी वाजते. दारं, पंखे, बटणं, सगळ्यांतल्या गडबडी यंत्रांतलं फर्मवेअर आपल्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिहून ठेवतं. संगणकाच्या काळ्या खिडकीत एक कमांड दिली की नोंदी वाचायच्या, दुसरी दिली की पुसायच्या. हे काम मला मनापासून आवडतं.

४ जून
लॉग उघडला. पंख्यांच्या तक्रारी, ओलाव्याच्या तक्रारी, पानंच्या पानं. मधेच बारा मे: चेंबर चार, आतलं बटण, ११:१०. लगेच खाली पुन्हा तेच. मोजलं, एक्केचाळीस वेळा. शेवटची नोंद ११:५२ची.
सुपरवायझर नंदकुमारला विचारलं. तो म्हणाला, बटण खराब होतं, घंटी फालतूच वाजायची, म्हणून काढून टाकली. मग माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, मिटवून टाका मॅडम. मी नवीन, पुसलं.

६ जून
फाटकाशी एक बाई उभी होती. जैनाबादची सोजरबाई. तिचा नवरा लोटू इथं हमाल होता. बारा मेला सकाळी कामावर आला तो घरी गेलाच नाही. सगळे तिला सांगतात, सुरतेला पळाला. तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "बाई, चपला इथंच सोडून सुरतले कसा जाईन तो?" चौकीदारानं तिला ढकलून बाहेर काढलं. माझ्याकडेही त्यानं असं पाहिलं, की जणू मीच तिला बोलावलं होतं.
आत येऊन लॉग बघितला. चेंबर चार, आतलं बटण, ११:१०. आजची तारीख.
चार नंबर सध्या वापरात नाही. स्वतः जाऊन दार उघडलं. रिकामा. बटणाची वायर कापलेली. दाराच्या कडेचं रबर आतून बोटांनी उकरून काढलेलं.
बारा मेला लोटू आत होता. दार बाहेरून लागलं होतं, घंटी काढलेली होती, आणि बेचाळीस मिनिटं तो बटण दाबत होता.

८ जून
आज चेंबर तीन. एक्केचाळीस वेळा. आत फक्त केळी.
विनायकसेठना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, रोज मिटवत जा. मग विचारलं, लोधीपुऱ्यात एकट्याच राहता ना?
पुसलं.

९ जून
चेंबर दोन. पुसलं. जेवायला माझ्याजवळ कुणी बसत नाही. माझा डबा कुणीतरी पायरीवर पालथा केला होता.

१० जून
चेंबर एक. त्याच्या पुढं फक्त माझी सर्व्हरची खोली.
पुसलं नाही.

११ जून
सुट्टी. पूल ओलांडून जैनाबादला गेले. सोजरबाईला सगळं सांगितलं: तारीख, वेळ, एक्केचाळीस. ती रडली नाही. एवढंच विचारलं, "तुम्ही वाचलं होतं ना? मंग पुसलं कायले?"
उद्या दुपारी बाराला तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाणार आहे. मी पुसलं हेही तिथं सांगणार.

१२ जून
शिल्लक नोंदी पेनड्राइव्हवर घ्यायला आले. जेमतेम बसले आणि दार बाहेरून लागलं. नंदकुमारच. त्याच्या बुटांचा आवाज ओळखते. हाका मारल्या. आवाज दूर गेला—
एसी बंद केलाय. ही खोलीही हवाबंद. फोन बाहेर, पर्समध्ये—

११:१०. पडद्यावर ओळ आली. सर्व्हर खोली, आतलं बटण.
या खोलीत बटणच नाही.

दारावर थापा मारतेय. थांबले तरी ओळी वाढतात. अठरा. एकोणीस—

श्वास पुरत नाही. अक्षर नीट येत नाही. सोजरबाई बाराला फाटकाशी—

तेहेतीस

कुणीतरी शेजारी धापा टाकतंय. माझ्यासारख्याच. मी श्वास रोखला तरी ऐकू येतंय
घामाचा आणि कच्च्या केळीचा वास
मी म्हणाले, लोटूभाऊ, माफ करा, मी पुसलं. त्यानं माझा हात धरला. गार हात. दाराकडे नाही, भिंतीकडे ओढतोय, म्हणतो इथून, मॅडम, इथून मी रोज एकेक भिंत—