अकरा दिवसांचा संसार

२१ एप्रिल, धरमपेठ, नागपूर

पोचलो एकदाच्या! स्टेशनवर सकाळी आठलाच ऊन चटके देत होतं, पण या घरात पाऊल टाकलं आणि कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला. मला एकदम हसूच आलं. साठाव्या वर्षी मी घरमालकीण झाले!

अजून खरं वाटत नाही. वकील दुर्गेश यांचं पत्र आलं तेव्हा मी चंद्रभान हे नावही कधी ऐकलं नव्हतं. चंद्रभान फेब्रुवारीत वारले, मागे कुणी नव्हतं, आणि त्यांनी हे तीन खोल्यांचं घर ‘सिंधूच्या मुलीला’ दिलं. सिंधू म्हणजे माझी आई. एकच विनंती होती, सिंधू पूर्वी या घरात राहिली आहे, जमल्यास तिला एकदा इथे आणावं.

आई ब्याऐंशीची आहे. आठ महिन्यांपासून ती मला ओळखत नाही. ‘नर्स’ म्हणते. मला घर नको, काही नको. जुन्या जागी आठवण परत येते असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून आणलं तिला. एकदा, फक्त एकदा तिनं ‘नंदू’ म्हणावं.

घर सांभाळणाऱ्या जिजाबाई तीस वर्षं इथेच काम करतात. मी दर अर्ध्या तासानं तोंडावर पाणी मारताना पाहून म्हणाल्या, “पुण्याचे माणसं लोण्याचे असतेत का जी? आत्ता तं उन्हाळा सुरू होऊन राहिला.”

२४ एप्रिल

आज मधल्या खोलीतलं कपाट उघडलं. आत साड्या. सगळ्या कोऱ्या, घड्या न मोडलेल्या, मध्ये कडुनिंबाचा पाला. मोजल्या तर बासष्ट.

मग जिजाबाईंनी चंद्रभानकडून ऐकलेलं सांगितलं. त्रेसष्ट साली आई रामटेकहून निघून आली. तिनं आणि चंद्रभाननी कचेरीत लग्न केलं आणि हे घर भाड्यानं घेतलं. अकराव्या दिवशी मामालोक आले आणि तिला घेऊन गेले. पुढच्या वर्षी पुण्याला बाबांशी तिचं लग्न लावलं. इकडे चंद्रभाननी पुढे हेच घर विकत घेतलं आणि दर दिवाळीला एक साडी आणली. पहिल्या साड्या मोठ्या फुलांच्या, गडद रंगाच्या. मग हळूहळू काठ बारीक होत गेले, रंग फिके झाले. शेवटच्या दहा तर मऊ, हलक्या, म्हाताऱ्या खांद्यांना जड होऊ नयेत अशा. न बघता त्यांनी तिला म्हातारी होताना पाहिलं होतं.

मी कपाटाशी बसून खूप रडले. चंद्रभानसाठी, आणि खरं सांगायचं तर बाबांसाठीही.

२७ एप्रिल

आई बोलते आहे! सकाळी भिंतीला धरत स्वतःहून स्वयंपाकघरात गेली आणि न शोधता मिठाच्या फळीवर हात ठेवला. पुण्यात जन्मभर तिच्या तोंडून शुद्ध, शाळेतल्या बाईंसारखी मराठी ऐकली. आज ती जिजाबाईंना म्हणाली, “मले चहा दे वं. काहून उभी राहिली?” माझ्या आईची खरी भाषा मी साठाव्या वर्षी ऐकली.

मला मात्र अजून ‘नर्स’च. होईल. धीर धरायला हवा.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

हातून काय झालं ते नीट लिहिते.

जिजाबाई याला अखजी म्हणतात. या दिवशी घरातल्या मेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, त्याचं ताट वाढतात. चंद्रभानची ही पहिलीच अखजी, त्यांना दुसरं कोण आहे, म्हणून मीच म्हटलं करू या. वडे, कढी, चिंचवणी, आंब्याचा रस. जिजाबाईंनी बजावलं होतं की त्या ताटाला घरच्या कुणी हात लावायचा नाही, ते गाईला जातं.

त्या गाय बघायला गेल्या. मी रसाची वाटी आणायला वळले. परत आले तर पाच वर्षांत जमिनीवर न बसलेली आई पाटाशेजारी मांडी घालून त्या ताटातून जेवत होती.

जिजाबाई दारातूनच ओरडल्या, “उचला बाई, ताट उचला!” मी त्यांचा हात धरला. म्हटलं जेवू द्या, कित्येक महिन्यांनी पोटभर जेवते आहे. त्या हात सोडवून घेऊ लागल्या. म्हणाल्या, नवऱ्याच्या उष्ट्या ताटात फक्त बायको जेवते. मेलेल्याच्या ताटात बसली तर ती त्याच्याच घरची झाली. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, “तुमी कॉन्वेंटात शिकल्या जी. तुमाले कोनं सांगावं.”

शाळेत सिस्टर असल्या गोष्टींना हसायच्या. मीही हसले. पण आता आठवतं आहे. बाबा कधीतरी चेष्टेनं ताटात शिऱ्याचा घास ठेवून ते आईकडे सरकवायचे. आई ताट उचलायची आणि घासायला टाकायची. कधीच, एकदाही ती त्यांच्या ताटात जेवली नाही.

२ मे

आई माझ्या हातचं काही खात नाही. दुपारी मधल्या खोलीचं दार लावून घेते. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि आत ती हसते. लाजून हसावं तसं.

कपाटातली साडी नेसून आली. शेवटची, सर्वांत फिकी. निऱ्या एकसारख्या, पदर पाठीमागे नीट टाचलेला. तिच्या बोटांना बटणही लागत नाही. आत कोण—

जिजाबाई म्हणतात, मी दाराशीही जाणार नाही.

४ मे

परतीची तिकिटं काढली. दुर्गेशनी रिक्षा आणली. फाटकाबाहेर आलो आणि आईची मान माझ्या खांद्यावर पडली. हात गार. चव्वेचाळीस अंश उन्हात बर्फासारखा गार. नाडी लागेना. दुर्गेशनी तिला उचलून आत आणलं, तर उंबऱ्याच्या आत डोळे उघडले आणि त्यांना म्हणाली, “हे बाई कोन होय? मले कुठं नेऊन राहिली होती?”

हे बाई म्हणजे मी.

६ मे

साड्या सारख्या बदलते. मागून पुढे, फिक्याकडून गडदाकडे. कपाटात नऊ उरल्या.

दाराला कान लावला. आज पुरुषाचा आवाज ऐकला. हलका, खाकरून बोलणारा. तो तिला विचारत होता, आणखी वाढू का.

मी दार ठोठावलं. आई, मी नंदू. आई, मी तुझी— आत एकदम शांत झालं. चोरून भेटणारे गप्प व्हावेत तसं.

७ मे

तीन उरल्या. रात्रभर तिच्या पायाशी बसले. नाव सांगत राहिले. माझं, बाबांचं, आमच्या गल्लीचं. ती दाराकडे बघत होती.

८ मे

आई गेली. सकाळी अकराला. पहिली साडी नेसलेली, लाल, मोठ्या फुलांची. चेहऱ्यावर असं सुख मी कधी पाहिलं नाही. आमच्या घरात तर नाहीच.

माझं नाव न घेताच गेली.

संध्याकाळी अंबाझरी घाटावर अग्नी दिला.

९ मे, दुपार

गाडी पाचची. जिजाबाई सकाळीच येऊन सांगून गेल्या, दुपारपर्यंत इथे थांबू नका, या घरातलं पाणीसुद्धा पिऊ नका. मला उठवेना. घरी जाऊन तरी कुणाला—

दीड वाजला. मधल्या खोलीत ताटं मांडल्याचा आवाज. खोली रिकामी आहे. मी स्वतः कडी लावली होती.

कढीचा वास.

कडी निघाली. आत पाट दिसतात— तीन.

आईचा आवाज. तरुण, पण तिचाच.

“नंदू! ये वं, जेवाले बस. थांबून राहिलो ना आमी.”

नंदू म्हणाली. आठ महिन्यांनी— ती नंदू म्हणाली—

मला माहीत आहे जाऊ नये. जिजाबाईंनी सांगितलंय. माहीत आहे ते कुणाचं ताट— पण पुन्हा हाक मारते आहे, माझ्याच नावानं, आई मला ओळख—

एकच घास. फक्त तिच्या शेजारी बसून एक