खुर्चीवरची नमाज

सातारा,
ता. ९ सप्टेंबर २०२४

चि. जाफर यास,
आपाचा सलाम आणि पोटभर दुवा. वि.वि.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोन केला की तू बरं हाय म्हणतोस आणि लगेच सुमैराकडे देतोस. पत्र असं मधेच बायकोच्या हातात देता येत नाही. तीस वर्षं पोस्टात लोकांची पत्रं निवडून लावली, आता रिटायर झाल्यावर सख्ख्या भावाला चार ओळी लिहायचा मला हक्क आहे.

अब्बांच्या बरसीला आलास, बरं वाटलं. पण नमाजेला सगळ्यांच्या मागं खुर्ची टाकून बसलास. पाठीमुळे सजदा होत नाही, कपाळ जमिनीला टेकवता येत नाही, म्हणालास. मी मान्य केलं. मग त्याच दुपारी हौदात अर्धा वाकून तासभर पाण्याची मोटर दुरुस्त करणारा तो कोण होता? स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी सगळं बघत होते. तुझे दूल्हाभाई, आमचे हे, म्हणाले, की जाफरची पाठ लय हुशार हाय, काम बघून दुखती. मीही हसले.

हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून काय सांगितलं, ते नीट लिही. पन्नाशीच्या आत खुर्ची शोभत नाही रे तुला.

लोभ आहेच, पण उत्तर येईपर्यंत रागही राहील.
सुरय्याआपा

कुपवाड,
ता. २० सप्टेंबर

ती. आपास,
जाफरचा सलाम. वि.वि.

दूल्हाभाईंचं वाक्य दोनदा वाचलं. ती मोटर केली आणि पुढचे दोन दिवस भिंत धरून संडासला गेलो. वीस वर्षं लेथवर वाकून उभा आहे आपा, दुखणं खोटं नाही.

पण सजद्याचं खोटं सांगितलं, हेही खरं. रमजाननंतरची गोष्ट. मशिदीत कपाळ टेकलं आणि रडू आलं. थांबेचना. सगळी रांग उठून उभी राहिली, मी खालीच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. लोक विचारायला लागले, की जाफरभाई, पाठ धरली काय. मी व्हय म्हणालो. तेव्हापासून खुर्चीवर बसतो. बसून रडू येत नाही. पाठीला कुणी हसत नाही, तू सोडून.

कशाचं रडू, ते विचारू नकोस. मला माहीत नाही. झोप येत नाही, जेवण मातीसारखं लागतं. आपली पोरगी नूरीन बारावीला पहिली आली तेव्हा पेढा तोंडात धरून मी नुसता उभा होतो.

डॉक्टर म्हणाले, की मणक्यात ऑपरेशनसारखं काही नाही, पण इतके महिने दुखतंय तर मनाच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवा. त्यांनी चिठ्ठी दिली. ती वर्कशॉपमध्ये ड्रिलच्या डब्यात आहे. वेड्यांच्या डॉक्टरांकडे जाताना कुणी पाहिलं, तर नूरीनसाठी स्थळं कशी येतील? सुमैराला सांगू नकोस, तुला अब्बांची शपथ.

आता रागावू नकोस, एवढंच मागतो.
तुझा
जाफर

सातारा,
ता. २४ सप्टेंबर

माझ्या लाडक्या जाफरला,
आपाचा सलाम. वि.वि.

मी हसले त्याची मला लाज वाटते. दूल्हाभाईंना फक्त एवढंच सांगितलं, की पाठ खरंच दुखते.

तू चौथीत असताना कुत्रं चावलं होतं, आठवतं? इंजेक्शनच्या भीतीनं तीन दिवस पायजमा वर केला नाहीस. अम्मीला न सांगता मीच तुला दवाखान्यात नेलं होतं. तेव्हाही कुणी पाहील म्हणून रडत होतास. सगळ्यांनी पाहिलं आणि काहीही झालं नाही.

सोमवारी सकाळच्या एसटीनं येते. चिठ्ठी डब्यातून काढून ठेव. कुणी विचारलंच तर सांग, की आपाला दाखवायला आणलंय. माझं नाव खराब झालं तरी चालेल, माझी स्थळं येऊन गेली. सुमैराला मात्र तूच सांगायचं. मी शपथ पाळते, तुला पाळायला लावत नाही.

जीवाला जप. मला तू हवा आहेस.
आपा

कुपवाड,
ता. १२ डिसेंबर

ती. आपास,
जाफरचा सलाम. वि.वि.

तू नेलंस त्या मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. पाठ आधी की मन आधी, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, की दोन्ही तुमचीच आहेत, दोन्ही सांभाळू. व्यायाम करतो. पाठ दुखते, पण आता पहाटेपर्यंत झोपतो.

काल सूर्य मावळल्यावर घरीच मगरिबची नमाज पढली, खुर्चीशिवाय. सजद्यात गेलो आणि आलंच रडू. येऊ दिलं. घरात कुणी नाही असं वाटलं, म्हणून घाई केली नाही. शेवटी सलामासाठी मान वळवली, तर मागं सुमैरा आपली जानमाज अंथरून बसलेली. ती कधी आली, कळलं नाही. तिला अजून सांगितलं नव्हतं, आपा. रोज उद्यावर ढकलत होतो. तिनं काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, की रमजानपासून रोज दुवा मागत होते, तुमी एकदा माझ्यासमोर रडावं म्हणून.

मग सगळं सांगितलं. खुर्ची अजून ठेवली आहे, पाठीला कधी लागते. पुढच्या महिन्यात सुमैराला घेऊन येतो. मोटर बिघडली असेल तर दूल्हाभाईंना हौदात वाकायला सांग.

तुझी माया अशीच राहू दे.
तुझा
जाफर