आईला झेपणार नाही

आल्हाद, सई,

मी भाऊमामाकडे पूर्णेला चालले आहे. किल्ली शेजारी आहे. कुकरमध्ये मऊभात आहे, आज तो तुम्ही खा.

दर शनिवारी तुम्ही अर्णवला घेऊन नवं हॉटेल धरता. कधी थाई, कधी कोरियन. मी नुसतं विचारलं तरी, "आई, तुला नाही झेपणार ते."

काल दुपारी मी एकटीच कल्याण नाक्यावरच्या तुमच्या त्या मेक्सिकनमध्ये जाऊन आले. मक्याच्या दुमडलेल्या भाकरीत राजमा भरला होता, दुसरं काही नाही. दोन खाल्ल्या, काही झालं नाही मला.

तिथली सगळी टेबलं चौघांची आहेत. मग घरी येऊन तुमचे फोटो नीट पाहिले. चौथ्या खुर्चीवर दर वेळी सईची पर्स असते.

आई