चौदा सेकंद रांगेत उभा धूर

सोलापूर, रविवार

ती. अप्पामामांना इंद्रजीतचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल, मामींचा खोकलाही गेला असेल, असं धरून चालतो. माझी प्रकृती ठीक आहे, राग सोडून. फोन केला नाही, कारण फोनवर तुम्ही मला मध्येच तोडून "जेवलास का?" असं विचारता.

वैष्णवीचं लग्न ज्या नव्या मंगल कार्यालयात तुम्ही ठरवलं आहे, त्याची तपासणी माझ्याकडे आली, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे सगळं आपोआप चालतं. एसी, दिवे, पंखे, दरवाजे, धूर ओळखणारी यंत्रं, अशी तीनशे उपकरणं एकाच तारेवरून नियंत्रण खोलीला निरोप पाठवतात. एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. (आपल्या घरच्या बैठकीत हा नियम कधी पाळला गेलेला नाही.) गर्दीत हे कसं चालेल, ते पाहायला मी ती इमारत संगणकात उभी करतो, तिच्यात पाहुणे भरतो आणि कुणाचा निरोप किती उशिरा पोचतो ते मोजतो. याला सिम्युलेशन म्हणतात. त्यानंतर तीच चाचणी खऱ्या उपकरणांवर घ्यायची असते. त्यासाठी मी व्यवस्थापक निंगप्पांना चिठ्ठी लिहिली : मंगळवारी चाचणी आहे, पूर्ण लोड तयार ठेवावा.

मंगळवारी सकाळी गेलो. सभागृहात भिंतीला लागून दीडशे लोड मांडलेले, पांढऱ्या अभ्र्यांसकट. माझा लोड म्हणजे सगळी उपकरणं एकदम चालू; ती सगळी बंद. निंगप्पा म्हणाले, "तुमीच लिवलं की. कमी पडले तर मैंदर्गीहून मागवतो. तक्क्यांचं काय लिवलं न्हाय तुमी." मी एका लोडाला टेकून संगणक उघडला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

संगणकात बाराशे पाहुणे बसवले आणि स्वयंपाकघरात धूर सोडला. धूर कळल्याचा निरोप पोचायला चौदा सेकंद लागले. तेवढा वेळ तो रांगेत उभा होता, आणि पुढचे एसी एकामागून एक सांगत होते की उकडतंय. तो निरोप पोचेपर्यंत बाहेरचे दरवाजे उघडत नाहीत. उपाय साधा आहे : धुराच्या निरोपाला वेगळी तार. काम चार दिवसांचं.

मालक सिद्धलिंगप्पांना हे सांगितलं. (तुम्ही त्यांना सज्जन म्हणता. असतील.) ते शांतपणे म्हणाले, "म्हंजे खोट्या लग्नात खोटी आग लागली. तिची चौदा सेकंदं बी खोटी. आन् तार मात्र मी खरी घालू व्हय?" मग म्हणाले, बाराशे पाहुणे कशाला घेता, तीनशे घ्या, तुमच्या घरचं काय जातंय. मामा, तुम्ही पत्रिका बाराशे छापल्या आहेत. त्यातले नऊशे पाहुणे या माणसाने बसल्या जागी वगळले. तीनशेंवर दोन सेकंद येतात, हे मलाही माहीत आहे. तोच आकडा छापून मी खाली सही करावी, अशी त्यांची अपेक्षा आहे. सात वर्षं मी हेच काम करतो आहे. या आकड्यावर सही केलेली नाही. तार लग्नानंतर बघू, असं ते म्हणतात.

मामींना नमस्कार. वैष्णवीला यातलं काही सांगू नका.

तुमचा,
इंद्रजीत

ता. क. : "वेगळी तार घातल्याशिवाय माझ्या मुलीचं लग्न इथे होणार नाही," असं तुम्ही निक्षून सांगितलं आहे, असं मी काल मालकांना सांगितलं. आज सकाळपासून तारेचं काम सुरू आहे. चौदा सेकंदांनी जे झालं नाही, ते मुलीच्या बापाच्या एका वाक्याने झालं. ते वाक्य तुम्ही बोलला नाहीत, एवढंच.

दुसरा ता. क. : हे पत्र आजच एसटीने हातोहात पाठवतो आहे, कारण खात्री करायला मालक उद्या संध्याकाळी तुम्हाला फोन करणार आहेत. तेव्हा तुम्ही खूप रागात असायला हवं. तुम्हाला नाटक जमत नाही. म्हणून पत्र एवढं लांबवलं आहे. फोन उचलण्याआधी पुन्हा एकदा वाचा.