बाकड्यामागचा गोबरा

मुलुंड, ९ फेब्रुवारी १९८४

चि. शेवंतीस,
दत्ताराममामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या मामीचा गुडघा दुखतोच आहे, तोंड मात्र शाबूत आहे. बाळाला दात आले का? सोमवारी त्याला डोससाठी घाटकोपरहून आमच्या दवाखान्यात आणणार आहेस ना, तर आणू नकोस. तिकडेच कुठेतरी दे.

कारण विचारशील. आमच्या दवाखान्यातल्या काचपेटीतला गोबरा मासा तुझ्या बाबांनीच देवगडहून डब्यात घालून दिला होता, तेव्हा बोटाएवढा होता. डॉक्टरांना पेटीत समुद्रातले मासे हवे होते. बाबांनी बजावलं होतं, "दत्तारामा, ह्यो बारको रवाचो नाय. लाल, निळ्या ठिपक्यांचो बारको रवता, तो गावलो तर धाडतंय. थांब." मी थांबलो नाही. कंपाउंडर असून डॉक्टरांना ऐटीत म्हणालो, "साहेब, आम्ही कोकणातले, आम्हाला मासे शिकवू नका." खरं सांगू? दोन वर्षांचा असताना मी लालबागला आलो. मला ताटातला मासा तेवढा कळतो.

दीड वर्षात त्याने पेटीतले सगळे रंगीत मासे गिळले. आता हातभर झालाय, धड वळता येत नाही. कोलंबी टाकली की अशी उसळी मारतो की काच थरथरते. पोरं टाळ्या पिटतात आणि मला घाम फुटतो.

खरी गोष्ट अजून लिहिलीच नाही. गेल्या महिन्यात त्याला लपायला जागा करताना माझ्या हातून दगड निसटला. काचेला खालच्या कोपऱ्यात नखाएवढी चीर गेली. मी तिच्यावर लसीकरणाचं चित्र चिकटवलं. आता चीर चित्राबाहेर आली आहे. पाणी झिरपतं, रोज डॉक्टर यायच्या आत फरशी पुसून घेतो. पेशंटांचं बसायचं बाकडं त्या काचेला लागूनच आहे. नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो. शेवंती, मला फार भीती वाटते गं.

वर 'आणू नकोस' लिहिलं, तेव्हा समोर एक बाई त्याच बाकड्यावर बाळाला पाजत होती. तिला मी उठवलं नाही, तुला पत्र लिहीत बसलो. आत्ता तिला 'नंबर आला' असं खोटंच सांगून आत पाठवलं. तिच्या जागी लगेच दुसरी येऊन बसली, तिच्याही कडेवर मूल.

हे पत्र खिशात घालून आत जातो. डॉक्टरांना सांगितल्यावरच टपालात टाकीन. मिळालं तर समज, मामाने सांगितलं. नाही मिळालं, तर सोमवारी तू बाळाला घेऊन त्याच बाकड्यावर येऊन बसशील.

तुझा भित्रा,
दत्ताराममामा